रिपोर्ट नॉर्मल होते, तरी अटॅक कसा आला?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बँकेतले तुमचे सहकारी, वय ४४. तंबाखू नाही, दारू नाही, रोज सकाळी चालायला जायचे. जानेवारीत चेकअप झालं तेव्हा ईसीजी, टूडी एको, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल. मार्चमध्ये अटॅक आला आणि गेले. तुम्ही ४१ चे, धाकटी बहीण ३८ ची, वडिलांची बायपास ५२ व्या वर्षी झालेली. तेव्हा हे झालं कसं, आणि तुम्ही आता सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करून एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा का? जाता जाता कोविडच्या लशीबद्दलही विचारलंय.

मी फिजिशियन आहे. सव्वीस वर्षं एका तालुक्याच्या गावात छोटं आयसीयू सांभाळतोय. अँजिओप्लास्टी होते ते शहर आमच्यापासून दोन तासांवर. त्यामुळे अटॅकचा पेशंट सगळ्यात आधी आमच्याच दारात येतो, बनियनवर, घामाने भिजलेला, दोघांनी धरून जीपमधून उतरवलेला. उत्तर त्या बाजूने येईल, आणि जरा लांबेल.

आधी त्या 'नॉर्मल'चं बघू. हृदयाच्या रक्तवाहिन्या म्हणजे नळ, त्यात कचरा साचत जातो, पन्नास टक्के, सत्तर टक्के, नव्वद टक्के, आणि शंभर झाले की अटॅक, असं चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. दोष आमचाही आहे. प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाच नळ मी हजार वेळा काढून दाखवला असेन. पण अटॅक बहुतेक वेळा असा येत नाही.

कचरा नळाच्या आत साचत नाही, भिंतीत साचतो. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण भिंतीच्या अस्तराखाली शिरतात, पांढऱ्या पेशी ते खात सुटतात, फुगतात, मरतात, आणि तिथे लोण्यासारखा मऊ लगदा तयार होतो. त्यावर शरीर एक पापुद्रा धरतं, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. साय जाड असेल तर लगदा वर्षानुवर्षं गपगुमान पडून राहतो. ती पातळ असेल, आत दाह चालू असेल, वरून बीपीचा मारा किंवा सिगारेट-तंबाखूचा दणका बसला, तर साय फाटते. आणि मग शरीर तेच करतं जे विळीवर बोट कापल्यावर करतं. जखम समजून रक्ताची गुठळी करतं. बोटावर तीच गुठळी रक्त थांबवते. जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या कोरोनरी धमनीत ती काही मिनिटांत रस्ता बंद करून टाकते.

गंमत, गंमत कसली म्हणा, अशी की फाटलेला तो उंचवटा आदल्या दिवशीपर्यंत कदाचित तीस-चाळीस टक्केच जागा अडवत असतो. एवढ्या अडथळ्याने ट्रेडमिलवर धावताना रक्त कमी पडत नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसायला अडथळा साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे लागतो. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांची टेस्ट खोटी नव्हती. घाटातला रस्ता आज मोकळा आहे का, एवढंच तिला विचारलं होतं, आणि तिने खरं उत्तर दिलं. पुढच्या पावसात दरड कोसळेल का, हे तिला सांगता येत नाही. ईसीजी तर त्या दहा सेकंदांचा फोटो. आणि टूडी एको हृदयाचा पंप आणि झडपा दाखवतो, रक्तवाहिन्या दाखवतच नाही. या तीन कागदांवर 'हृदय ठणठणीत' असा शिक्का मारून आपण पेशंटला घरी पाठवतो, याची मला खरंच लाज वाटते.

हा लगदा साठायला लागतो तरी कधी? १९५३ साली अमेरिकी लष्कराच्या डॉक्टरांनी कोरियन युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांची हृदयं उघडून पाहिली. सरासरी वय २२. धडधाकट पोरं, आणि त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या कोरोनरी धमन्यांत थर धरायला सुरुवात झालेली होती. म्हणून चव्वेचाळीसाव्या वर्षी 'अचानक' आलेल्या अटॅकला मी अचानक म्हणत नाही. फाटणं अचानक. शिजत तो वीस वर्षं असतो. आणि या वीस वर्षांतच आपल्या हातात काही असतं.

एक सांगून ठेवतो. माणूस झोपेत किंवा मैदानावर कोसळून गेला की आपल्याकडे सरसकट 'अटॅक आला' म्हणतात. अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूचं रक्त तुटणं. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाचा ठोकाच थांबणं. अटॅकमुळे अरेस्ट होतो, पण हृदयाच्या स्नायूचा किंवा ठोका चालवणाऱ्या विजेच्या प्रवाहाचा जन्मजात दोष असेल तर अटॅकशिवायही होतो, विशेषतः तरुणांमध्ये. लशीचा प्रश्न इथेच निकालात काढू. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १८ ते ४५ वयातल्या अशाच अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. वाढलेला दिसला तो घरात आधी कुणाचा असा मृत्यू झालेला असेल तर, आधी कोविडमुळे ॲडमिट व्हावं लागलेलं असेल तर, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू प्यायलेली असेल किंवा झेपणार नाही इतके कष्ट, व्यायाम केलेला असेल तर.

आता कारणांकडे. २००४ साली 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५२ देश, पहिला अटॅक आलेले सुमारे पंधरा हजार लोक आणि तेवढेच न आलेले. नऊ गोष्टींनी मिळून नव्वद टक्क्यांहून जास्त धोका समजावून सांगता आला: तंबाखू, बिघडलेली चरबी, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, हालचाल नसणं, आणि दारूची त्यातली भूमिका, जी किंचित फायद्याची दिसली. नवव्या नंबरात फार अडकू नका, हृदयासाठी म्हणून कुणी प्यायला सुरुवात करावी असं त्यात काही नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, बाकी जगाला ५९ च्या आसपास. कारणं तीच, फक्त आपल्याकडे ती लवकर येऊन बसतात.

लवकर का, याचं एक उत्तर पुण्यातून आलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१. वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवतो, आतला मामला वेगळा. हातपाय काटक्या आणि शर्टाखाली छोटासा माठ, ही आपली घरगुती ठेवण. म्हणून मी वजनाआधी टेप लावतो. बेंबीच्या पातळीवर पुरुषात ९० सेंटिमीटर आणि बाईत ८०, त्याच्या पुढे गेलं की सावध. पँटच्या कमरेचा नंबर सांगू नका. पँट आपण पोटाखाली नेसतो.

तंबाखूबद्दल थोडं थांबतो, कारण आमच्या भागात निम्मी कहाणी तीच आहे. 'तुम्ही तंबाखू खाता का?' असं विचारलं की बायका 'नाही, छे' म्हणतात. 'मिश्री लावता का?' विचारलं की पदर तोंडाशी नेऊन हसतात. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, झोपताना एकदा. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. पुरुषांचं गणित निराळं: 'सिगारेट नाही डॉक्टर, फक्त चुन्याबरोबर.' इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकचा धोका दुपटीहून जास्त दिसला. धूर नसला म्हणून निकोटिन काही फुफ्फुसाची वाट बघत बसत नाही, गालातून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वर नेतं. आणि 'दिवसाला एकच' म्हणणाऱ्यांसाठी: रोज एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयाचा वाढीव धोका हा वीस ओढणाऱ्याच्या विसावा हिस्सा नसतो, जवळजवळ निम्मा असतो. कमी करणं इथे फारसं कामाला येत नाही, सोडणं येतं. सोडल्यावर वर्षभरात वाढीव धोका साधारण अर्ध्यावर येतो. माझ्या हातात असं दुसरं औषध नाही.

बीपीचं दुखणं असं की ते दुखतच नाही. साधारण ११५ च्या वर सिस्टोलिक, म्हणजे वरचा आकडा, दर २० अंकांनी वाढलं की चाळीस ते सत्तर वयात हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो. आणि आम्ही ते मोजतो कसं? माणूस जिना चढून येतो, चहा नुकताच झालेला, लघवी तुंबलेली, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा, आणि मोजताना मीच त्याला विचारतोय, 'मग, पाऊस कसा काय?' तो आकडा फेकून द्यायच्या लायकीचा. घरी दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, तोंड बंद. दोनदा मोजा, सात दिवस लिहा. घरची सरासरी १३५/८५ च्या पुढे असेल तर ते बीपी आहे. 'टेन्शनमुळे वाढलं' हे कारण नको. टेन्शन असताना रक्तवाहिनीला सुट्टी नसते.

मीठ जेवणातल्या चिमटीपेक्षा पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, बेकरी यांतून जास्त जातं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, यात सगळं आलं. तेलाचं मी घरच्या बाईंना एकच विचारतो: महिन्याला किती किलो आणता आणि खाणारी तोंडं किती? चौघांच्या घरात दोन लिटरच्या आसपास बरं. उत्तर हमखास पाच येतं, आणि मग 'पाहुणे फार असतात हो'. शेंगदाणा, करडई की सूर्यफूल यावर लोक तासभर भांडतात, किती घालायचं यावर कुणी बोलत नाही. आणि तुमचे सहकारी शाकाहारी होते का, माहीत नाही, पण 'आम्ही पूर्ण शाकाहारी' हे माझ्याकडे वशिल्यासारखं सांगितलं जातं. साबुदाणा खिचडी, बटाटेवडा, खारी, जिलबी हेही शाकाहारीच आहे.

कोलेस्टेरॉलवर येतो, कारण माझा संशय इथे आहे. तुमच्या सहकाऱ्यांची फाईल माझ्यासमोर असती तर ईसीजी बाजूला सारून मी आधी लिपिड प्रोफाईलचं, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचं, पान उघडलं असतं. लॅबच्या कागदावर उजवीकडे 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, एलडीएल १३० पर्यंत वगैरे. एलडीएल १२६ आला, तारांकित नाही, फाईल बंद. पण नॉर्मल कुणासाठी? कसलाच धोका नसलेल्या पंचविशीतल्या मुलीला १२६ चालेल. डायबेटिस असलेल्या पंचेचाळिशीतल्या पुरुषाला मी तो ७० च्या खाली मागतो, आणि अटॅक येऊन गेलेल्याला ५५ च्या खाली. छापील रेंज माणूस बघून छापलेली नसते. शिवाय आपल्या लोकांत एलडीएल फार चढलेला नसतानाही ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) वर आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली ही जोडी फार दिसते, आणि ती डायबेटिसच्या आगेमागेच फिरते.

आणखी एक तपासणी आहे, जी नेहमीच्या पॅकेजात बहुधा नसते: लायपोप्रोटीन-ए. हा एलडीएलसारखाच एक कण, आईवडिलांकडून येतो, पथ्याने, चालण्याने फारसा हलत नाही, जगभरात साधारण पाचातल्या एकाला तो वाढलेला असतो. आयुष्यात एकदा केली की बस. ज्या घरात पन्नाशीच्या आत बायपास, पन्नाशीच्या आत अटॅक असं चालत आलंय आणि बाकी काही सापडत नाही, तिथे मी ती हमखास करतो. वाढलेला निघाला तर त्याच्यावरचं खास औषध आज हातात नाही, पण मग बाकीच्या सगळ्या गोष्टींत मी जास्त कडक होतो.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी म्हटलं की समोरचा मागे सरकतो. 'एकदा सुरू झाली की आयुष्यभर!' चष्माही आयुष्यभरच असतो, तेव्हा कुणी डोळ्यांना सवय लागेल म्हणत नाही. स्टॅटिनचं मूळ जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी सत्तरच्या दशकात बुरशीत शोधलं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात हृदयरोग असलेल्या ४,४४४ लोकांवरचा अभ्यास आला, त्यात गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. त्यानंतर ढिगाने अभ्यास झाले. एलडीएल ३९ अंकांनी उतरवला की अटॅक, लकवा, बायपासची वेळ हे सगळं मिळून साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतं. नळाचा व्यास फारसा बदलत नाही. लगदा आटतो, साय जाड होते, दरड बसते. काहींचे स्नायू दुखतात, त्यांना गोळी किंवा डोस बदलून बघता येतो. साखर काठावर असेल तर ती किंचित पुढे सरकू शकते, हेही खरं. तरी हिशेब बहुतेकांचा फायद्याचाच बसतो. ॲस्पिरिनचं मात्र उलट. कधीच अटॅक न आलेल्या माणसाने 'रक्त पातळ राहावं' म्हणून रोज ॲस्पिरिन घेऊ नये. २०१८ मध्ये लागोपाठ तीन मोठे अभ्यास आले, त्यांत फायदा किरकोळ आणि रक्तस्राव वाढलेला दिसला. अटॅक किंवा स्टेंट झालेल्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये, त्यांची गोष्ट वेगळी आहे. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होतो.

बायकांचं थोडक्यात सांगतो, पण हलकं समजू नका. पाळी सुरू असेपर्यंत थोडं संरक्षण असतं, डायबेटिस किंवा मिश्री असली की ते संपतं. गरोदरपणात बीपी वाढलं असेल, साखर वाढली असेल, पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर पुढे हृदयाचा धोका जास्त. बाळंतपणाची फाईल मूल शाळेत गेलं की रद्दीत जाते आणि हा धागा तिथेच तुटतो.

आता तुमच्या सीटी अँजिओचं. तुम्हाला चालताना छाती भरून येत असेल तर गोष्ट वेगळी, मग विचार कसला करताय, जा. पण तुम्ही लिहिलंय त्रास काही नाही. मग सीटीत काय निघेल? काहीच नाही निघालं तर तुम्ही निर्धास्त व्हाल आणि पोटाचा घेर तसाच राहील. तीस टक्के निघालं तर मी गोळी, बीपी, चालणं हेच सांगणार, जे मी सीटीशिवायही सांगतोय. सत्तर निघालं तर कुणीतरी म्हणणार, 'टाकून घ्या स्टेंट, टाइम बॉम्ब आहे.' 'इस्केमिया' नावाच्या अभ्यासात स्थिर आजार असलेले ५,१७९ लोक होते. निम्म्यांना आधी अँजिओग्राफी आणि त्यानुसार स्टेंट-बायपास, निम्म्यांना आधी फक्त नीट औषधं. तीनेक वर्षांत अटॅक आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंटने चांगलं कमी झालं. डाव्या मुख्य धमनीतला मोठा अडथळा त्या अभ्यासातून वगळला होता, हेही सांगायला हवं. अटॅक चालू असताना टाकलेला स्टेंट जीव वाचवतो, यात वाद नाही. पण दरड कुठली कोसळेल हे ठाऊक नसताना एका वळणावर जाळी मारून घाट सुरक्षित होत नाही, सगळ्या डोंगराचं पाणी वळवावं लागतं.

गोळी सुरू करावी की नाही यावर तुमचं आणि तुमच्या डॉक्टरांचं अडलं, तर कॅल्शियम स्कोअर हा साधा, डाय न टोचता होणारा सीटी उपयोगी पडतो. कॅल्शियम दिसलं तर वाद संपला. तुमच्या वयात शून्य आलं तर मात्र नाचू नका, मऊ लगद्यात अजून चुना धरलेला नसतो. आणि ब्लॉकेज 'विरघळवणारे' आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचे काढे: चवीला बरे असतील, पण त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करून आलेले लोक मी आयसीयूत पाहिलेत.

आता वेळेचं, कारण प्रतिबंध तिथेही संपत नाही. एकाच गावातले दोघे सांगतो. पहिला ५१ वर्षांचा शेतकरी, गावात त्याला भाऊ म्हणतात. रात्री तीनला छातीत जळजळ. बायकोने ओवा दिला, मग सोडा, मग बाम चोळला. सहाला जवळच्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन टोचलं. साडेनऊला आमच्याकडे आला तेव्हा तोंडाला सोड्याचा वास येत होता आणि ईसीजीत उभ्या थडग्यांसारख्या लाटा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं, वाचला. पण साडेसहा तासांत स्नायूचा मोठा तुकडा मेला होता. हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर राहिलं, आज बैल सोडायला गेला तरी धाप लागते. चारेक महिन्यांनी त्याच गावातला ४७ वर्षांचा किराणा दुकानदार. दरदरून घाम फुटला तसा म्हणाला, 'मला भाऊंना झालं तसं होतंय, गाडी काढा.' चाळीस मिनिटांत आमच्या टेबलावर. दहा मिनिटांत ईसीजी, लगेच इंजेक्शन, तासाभरात त्या लाटा खाली बसताना मी मॉनिटरवर बघितल्या. दुसऱ्या दिवशी शहरात अँजिओग्राफी. पंपिंग पंचावन्न टक्के, म्हणजे नॉर्मल. तो पुन्हा गल्ल्यावर बसतो. दुकानात तंबाखूच्या पुड्यांची माळ मात्र अजून लटकलेली आहे, त्यावरून आमचं दर महिन्याला वाजतं.

अटॅकचं दुखणं लोक बोटाने दाखवत नाहीत, सगळा तळहात छातीवर ठेवतात. 'दुखतंय' असंही फारसं म्हणत नाहीत. 'जड झालंय', 'कोणी बसलंय छातीवर', 'आवळल्यासारखं होतंय' असं म्हणतात. जबड्यापासून बेंबीपर्यंत आणि दोन्ही दंडांत कुठेही. डायबेटिसवाले, म्हातारी माणसं आणि बायका यांना दुखणं नसतंही. नुसती धाप, घाम, उलटी, गळून जाणं. पूर्वी कधी न झालेला 'गॅस' घामासकट आला आणि दहा-पंधरा मिनिटांत हलला नाही, तर तो गॅस नाही असं समजून निघा. स्वतः गाडी चालवू नका. १०८ ला फोन करा. ती लवकर पोचण्यासारखी नसेल तर जी गाडी दारात आहे ती. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खा. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याने दिली म्हणून ठेवू नका. बीपी आधीच पडलेलं असेल किंवा आदल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर ती घात करते. आणि हे आजच माहीत करून घ्या: तुमच्या घरापासून रात्री दोन वाजता ईसीजी काढून गुठळीचं इंजेक्शन देणारं हॉस्पिटल कुठलं? मोठी पाटी असलेलं नव्हे, चोवीस तास डॉक्टर असलेलं.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून उठून घरी जाऊ नका. दुखणं चालू असेल तर तो पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढतात, आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) काही तासांनी पुन्हा बघतात. अटॅक आला की जोरजोरात खोकत राहा, तिखटाचं पाणी प्या, हे मोबाईलवर फिरणारे मेसेज पुढे पाठवू नका, त्यात वेळ जातो. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. बरगडी मोडली तरी चालेल.

तुमच्यापुरतं बोलायचं तर या आठवड्यात टेप घेऊन पोट मोजा, बीपीची वही सुरू करा, आणि लिपिड, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लायपोप्रोटीन-ए एवढं रक्त द्या. वडिलांची बायपास पंचावन्नच्या आत झाली, म्हणजे ते घराण्याचा धोका म्हणून मोजलं जातं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. चेकअपच्या फॉर्मवर त्यासाठी बहुतेक एकच चौकट असते आणि ती कुणी भरत नाही. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. रात्री घोरत असाल तर तेही सांगा.

हीच रक्ताची तपासणी बहिणीचीही करा, ३८ म्हणजे लहान नाही. आणि तिला फोन कराल तेव्हा बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती का एवढं विचारा. तिला आठवत नसेल तर आईला विचारा, आईला आठवत असतं.